शेजारी क्रमांक चार

आमच्या गावात गेले एकोणीस दिवस दुपारचे चार वाजलेले आहेत. गावाचं नाव हार्लन फॉल्स, ओहायो. धबधबा नाही, हार्लन कोण ते कुणाला ठाऊक नाही, पण एक मुख्य रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाल पानांची झाडं. टीव्ही मालिकेवाले आले, त्यांना त्या पानांवरचं चारचं तिरकं ऊन आवडलं, म्हणून त्यांनी सूर्य तिथेच थांबवला. गावाने परवानगी दिली. मला कुणी विचारलं नाही.

दिवस मी दह्यावर मोजते. विरजण लावायचं, दही लागलं की एक दिवस गेला. आजवर एकोणीस वेळा लागलं. मी कऱ्हाडची आहे, माझं दही कुणाच्या परवानगीने लागत नाही.

टीव्हीवर अमेरिकेतली लहान गावं दाखवतात ती दोनच कारणांसाठी. एक तर तिथे कुणीतरी हरवतं, नाहीतर मोठ्या शहरातली कुणी बाई येऊन प्रेमात पडते. आमच्या वाट्याला हरवणं आलं. मग कॅमेऱ्यात जे येत नाही ते जायला लागलं. आधी परसातली झाडं गेली, मग घरांच्या मागच्या खोल्या. आमची मोरी गेली. तिचं दार उघडलं की लाकडी टेकू दिसतात आणि त्यापलीकडे काही नाही. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर आहे, म्हणून ते वाचलं. समोरची डोरोथी, जिने मला पहिल्या हिवाळ्यात दारातला बर्फ कसा ओढायचा ते शिकवलं, ती पुठ्ठ्याची झाली. हात वर केलेली आहे. वारा आला की हलते. मी तिला रोज हाक मारते, उगाच तिला वाटायला नको की कुणी विचारत नाही.

मग माझ्या नवऱ्याला काम मिळालं. मोरेश्वर दातार, काचेच्या कारखान्यातून निवृत्त. काम एवढंच की काखेत वर्तमानपत्र घेऊन हार्डवेअरच्या दुकानावरून चालत जायचं आणि म्हणायचं, "मॉर्निंग, शेरिफ." दुपारच्या चारला.

"कशाला हो?" मी म्हटलं.

"अगं प्रमिला, एकतीस वर्षं राहिलो इथे. कुणी मान वळवून पाहिलं नाही. आता सगळी अमेरिका बघेल."

मी शर्टाला इस्त्री करून दिली.

परत आले तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. चपला काढायला वळले आणि मी पाहिलं. ह्यांना पाठ नव्हती. पाठीच्या जागी कच्चं प्लायवूड होतं आणि त्यावर खडूने लिहिलं होतं: शेजारी ४.

"अहो, पाठ कुठे गेली?"

"मॉर्निंग, शेरिफ," हे म्हणाले. तेव्हापासून तेवढंच म्हणतात. डोळे मात्र माझ्यामागे फिरतात. दर दह्याला हे बोटभर बारीक होत गेले. आता दाराच्या फटीतून आडवे जातात.

एकोणिसाव्या दह्याला मालिकेवाल्यांची मेगन आली. डोक्याला हेडफोन, हातात यादी. पोरगी वाईट नाही, पण यादीबाहेर तिला काही दिसत नाही.

"उद्या आमचं काम संपतं," ती म्हणाली. "सगळं घडी घालून ट्रकमध्ये भरायचं. शेजारी चार तयार ठेवा."

"तो माझा नवरा आहे."

तिने यादी पाहिली. "शेजारी चार एकटा राहतो."

"मग मी कोण?"

तिने पुन्हा पाहिलं. वरून खाली, खालून वर. "तुम्ही नाही आहात," ती म्हणाली.

इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं! मी भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरकडे गेले आणि दही मोजलं. उद्या नरकचतुर्दशी. अडतीस वर्षं मी त्या दिवशी ह्यांच्या पाठीला तेल लावते. दरवर्षी हे पाटावर बसतात आणि एकच गोष्ट म्हणतात, "जरा खाली. डावीकडे." तिथे एक चरबीची गाठ आहे. डॉक्टर म्हणाले काही काळजी नाही, पण खाजते.

तेल लावायला पाठ लागते, हे मलाही कळतं. पण तेल लावायचं राहिलं तर ती परत कशाला येईल?

विसावं दही लागलं. मी तेल कोमट केलं, उटणं भिजवलं, पाणी तापवलं. मोरी नाही, म्हणून पाट समोरच्या हिरवळीवर मांडला, अगदी रस्त्यालगत, सगळ्या कॅमेऱ्यांपुढे. पाटाभोवती रांगोळी काढली. ह्यांना काखेत धरून आणलं आणि पाटावर टेकवलं.

"कट!" कुणीतरी ओरडलं.

"कापा काय कापायचं ते," मी मराठीत म्हटलं.

कारीट इथे मिळत नाही. आम्ही इकडचे मराठी लोक इंडियन स्टोअरमधलं छोटं कारलं घेतो. ह्यांच्या पायाचा अंगठा कागदासारखा पातळ झालेला, म्हणून ते मीच माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली धरलं, "गोविंदा!" म्हणून ओरडले आणि चिरडलं. बी मेगनच्या बुटावर उडाली.

"हे गोष्टीत नाही," मेगन म्हणाली.

"मीही नाही. तूच सांगितलंस."

ती यादी चाळत राहिली. मला थांबवायचं तर माझं नाव लागतं आणि नाव तिच्याकडे नव्हतं. मी तेलाची वाटी घेतली आणि प्लायवूडवर हात ठेवला. लाकूड तेल प्यायलं. मी आणखी ओतलं. खडूचे आकडे पुसले गेले. रस्त्यापलीकडे डोरोथीचा हात थोडा खाली आला, पण वारा नव्हता.

ट्रकवाले दोघे आले. जाडजूड, शांत माणसं. एकाने ह्यांचं डोकं धरलं, एकाने पाय.

"बाई, हात काढा. घडी घालायची आहे."

"घाला की."

"हात मध्ये येईल."

"येऊ दे. मी नाहीच आहे, तर हात कुठून येणार?"

त्यांनी मेगनकडे पाहिलं. मेगनने यादीकडे पाहिलं. मग ते दोघे दोन्हीकडून दाबायला लागले. फळी कमरेत वाकली. माझा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. सगळीकडून दाबलं जात होतं, दुखत होतं, आणि मी तेल चोळत होते. दोघांच्या कपाळावर घाम आला. घडी मिटत नव्हती.

"अजून जोर लावा," मेगन म्हणाली.

त्यांनी जोर लावला. मी चोळत राहिले. आतून, माझ्या तळहाताखालून, बारीक आवाज आला.

"जरा खाली. डावीकडे."