पाहणीचं जेवण

साल २०२२. करोना ओसरला होता, लोकांचे मास्क हनुवटीखाली उतरले होते, आणि दोन वर्षं घरात कोंडून घेतलेल्या माणसांना भांडायला नवीन काहीतरी हवं होतं. बोरीवली पूर्वेच्या ‘शीतलछाया’ सोसायटीला ते तळमजल्यावरच्या नलिनी धुरीच्या कोंबड्यांत सापडलं.

एके काळी त्या भागात कोंबड्यांचं कुणाला काही वाटत नसे. बैठ्या चाळी होत्या, दारोदार कोंबड्या झाकायची वेताची डालगी होती, आणि कोणाची तलंग कोणाच्या माळ्यावर अंडं घालून आली तर ते अंडं मुकाट्याने परत यायचं. मग चाळी पडल्या, इमारत उभी राहिली. धुरींच्या वाट्याला तळमजल्याची जागा आली आणि तिच्या मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंतची एक मोकळी पट्टी. बाकीच्यांनी कुंड्या मांडल्या. नलिनीने डालगं ठेवलं.

तिचा नवरा जयवंत गिरणीत होता, गिरणी गेल्यावर रखवालदारी केली, आणि हातपाय थांबवून जरा बसावं म्हणेपर्यंत त्याच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलतं ठेवा. नलिनीने गाऱ्हाणी म्हटली, जुनी भांडणं उकरून काढली, मुलाला विरारहून बोलावून समोर बसवलं. निलेश “बाबा, बाबा” करून थकला. जयवंत भिंतीकडे बघत राहिला.

आणि एका सकाळी मागच्या दारात खुर्चीवर बसवलेला असताना एक कोंबडी त्याच्या पायाशी आली, तसा तो वाकड्या तोंडाने म्हणाला, “बा… बा… बा…”

गावाला सगळे असंच बोलावतात कोंबड्यांना. नलिनीच्या हातातला टोप खाली पडला. त्या दिवसापासून रोज ती त्याच्या डाव्या हातात तांदळाच्या कण्या द्यायची, तो फेकायचा आणि हाका मारायचा. काही महिन्यांनी मध्येच एकदा “ये” म्हणाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे सोडू नका, ह्याच वाटेने पुढे जाईल. त्यामुळे इतरांना ज्या कोंबड्या दिसत, त्या नलिनीला नवऱ्याची जीभ वाटत.

तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीची. तिचं बाळ तान्हं होतं. ती स्वतः खाली येऊन बोलली, हे तिचं चांगलं.

“काकू, कोंबड्यांचं काही नाही हो. पण तो कोंबडा! पहाटे ओरडतो की बाळ दचकून उठतं. रात्रभर मी जागी, मग हा सुरू.”

“अगं, त्याला काय घड्याळ कळतं?”

“त्याला नाही कळत, पण मला कळतं ना!” गंधाली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पण तोवर तक्रार कमिटीकडे गेली होती. आवारात पशुपक्षी पाळण्याच्या नियमांचा फेरविचार करायचं ठरलं. पालिकेचा नियम नक्की काय, यावर तिघांची तीन मतं पडली. शेवटी गंधालीनेच मसुदा लिहिला: तळमजल्यावर मोजक्या कोंबड्या चालतील, स्वच्छता हवी, कोंबडा मात्र नको. कागद इंग्रजीत होता आणि जिन्याखालच्या काचेच्या फळ्यावर लागला. नलिनीला तो कुणी वाचून दाखवला नाही.

सेक्रेटरी होता चंद्रप्रकाश घाडी. धुरींच्या शेजारच्याच गावचा. त्याने नवी मोठी गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उभी करावी लागते म्हणून तो सगळ्या जगावर चिडलेला असायचा. तो एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, “वयनी, रविवारी आम्ही कमिटीवाले पाहणीक् येतलो. जागा बघूक् होयी, नियम करूचो तर.”

“येवा की. पण भावजी, ह्येंचा सगळा त्या कोंबड्यांवर आसा, तुमका ठाऊक आसा ना?”

“अगो, मी आसय मां? तू कशाक् घाबरतंस?” तो निघाला, आणि दारातून वळून हसत म्हणाला, “गावठी कोंबो खाऊन किती वर्सां झाली गो! बायलर खाऊन तोंडाची वाट लागली.”

पाहुणा घरी येणार, तोही गावचा, आणि तोंडाने मागतो आहे. मालवणी बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. शिवाय नलिनीने आपल्यापुरता हिशेब केला: तक्रार कोंबड्याची आहे, तर कोंबडाच ताटात वाढू. पाहुणा तृप्त, बाळ शांत, कोंबड्या सुखरूप.

रविवारी सकाळी तिने जयवंतला पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं. वॉचमन कुंडलिकने मोरीत कोंबडा कापून दिला. तिने तो जाळावर धरून लव जाळली, खोबरं-कांदा भाजून वाटप केलं, गावच्या पिठाचे वडे तळले, सोलकढी काढली. कमिटीवाले आले. चंद्रप्रकाशने डालग्याकडे धड पाहिलंही नाही. भिंतीपासून दारापर्यंत पावलं टाकत तो म्हणाला, “जागा चांगली ऐसपैस आसा रे.” मग सगळे जेवले. त्याने दोनदा रस्सा मागितला, हाडं चोखली, ढेकर दिला. मसुदा लिहिणारी म्हणून सोबत आलेली गंधाली तेवढी जेवली नाही. ती मांसमच्छी खात नसे. डालगं बघून, “स्वच्छ आहे हं, काकू,” म्हणून ती वर गेली.

सभा पुढच्या आठवड्यात गच्चीवर झाली. गंधालीने मसुदा वाचला. कोंबडा आता उरलाच नाही, तेव्हा माझी तक्रार संपली, असंही ती म्हणाली. नलिनीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात चंद्रप्रकाश उठला. घरात मालवणी बोलणारा हा माणूस सभेत एकदम शुद्ध बोलू लागला.

“कोंबडा का उरला नाही, हेही सभेला कळायला हवं. आवारात प्राणी कापला गेला. रक्त सोसायटीच्या गटारात गेलं. आज कोंबडा, उद्या बोकड. असं करणाऱ्याला परवानगी द्यायची का?”

नलिनी उभी राहिली. “भावजी, तुमच्यासाठीच कापला ना? तुम्ही दोनदा रस्सा मागितलात!”

“म्हणून तर खात्रीने सांगतोय, वहिनी,” तो पोटावर हात फिरवत म्हणाला. “पुरावा इथे आहे.”

सगळी गच्ची हसली. जे तिच्याकडे जेवून गेले होते ते जरा जास्तच हसले. कुणीतरी मागून ओरडलं, “घाडीसाहेब, मीठ बरोबर होतं का?” पुन्हा हशा. त्या हशातच हात वर झाले. कोंबड्या बंद, आणि मागची पट्टी ‘सामायिक वापरासाठी’ मोकळी करायची. विरोधात एकट्या गंधालीचा हात होता.

नलिनीने दारावर मासळी घेऊन येणाऱ्या पुतळाबाईला गाठलं. ती गोराईची, तिच्या घरामागे अंगण होतं. “रडतंस कया गो, बाय? आयतवारी मी नेतंय सगल्या. तुजा घो येईल होडीतून, तिथे बसून हाका मारील,” ती म्हणाली. नलिनीने तिथे जाण्याचे बेतसुद्धा केले. रिक्षा कुठवर, होडीत खुर्ची चढेल का.

शनिवारी ती जयवंतला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली. परत आली तेव्हा डालगं उलटं पडलं होतं आणि पट्टीवर पांढऱ्या चुन्याने आखणी केलेली होती. कुंडलिक मान खाली घालून म्हणाला, “सेक्रेटरीसाहेबांनी चिकनवाल्याला बोलावलं होतं. म्हणाले, बाईला त्रास नको.”

दुसऱ्या सकाळी जयवंतने खुर्ची मागच्या दाराकडे न्यायची खूण केली. नलिनीने नेली. त्याने मूठ पुढे केली, तिने सवयीने कण्या दिल्या. त्याने फेकल्या. “बा… बा… बा…” कोणी आलं नाही. तो आणखी मोठ्याने हाका मारू लागला. वरच्या खिडक्या उघडल्या, पुन्हा मिटल्या. तो थांबेना. तासभर ती कानांवर हात ठेवून ओट्याशी उभी होती. मग धावत आली आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन किंचाळली, “मेली ती! खाल्ल्यानी लोकांनी! गप ऱ्हवा आता, गप!”

त्याला सगळं कळत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि गप्प झाला.

त्यानंतर जयवंतच्या तोंडून आवाज निघाला नाही. निलेशने दोघांना विरारला नेलं, तिथे तो दीड वर्ष भिंतीकडे बघत जगला आणि एका दुपारी गेला. नलिनी अजून मुलाकडेच असते. नातवंडं तिला अबोल आजी म्हणतात. गंधाली मुलाला घेऊन मुलुंडला राहायला गेली, जाताना नलिनीला फोन करून रडली. कुंडलिकला पुढच्याच वर्षी चोरीचा आळ घालून काढला. चोर नंतर दुसराच निघाला, पण कुंडलिकला परत कोणी बोलावलं नाही. पुतळाबाई त्या आयतवारी टोपली घेऊन आली होती, ती रिकामीच परत घेऊन गेली, आणि त्या सोसायटीत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

चंद्रप्रकाशला काही झालं नाही. त्याची गाडी आता मागच्या पट्टीत, सावलीत उभी राहते. तो बिनविरोध पुन्हा सेक्रेटरी झाला, आणि जयवंतच्या बाराव्याला विरारला जाऊन पोटभर जेवून आला.