दसऱ्याचा हार आणि माझी खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. जुना म्हटल्यावर हसू नका; आमच्यात चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. मुठीएवढं पांढरं अंग आणि पुढे दुधी रंगाची फुगीर काच. खरं तर ते प्लास्टिक आहे, पण काच म्हटलं की मला बरं वाटतं. रिसोड तालुक्यातल्या रिठद गावी मारोतराव शिंप्यांच्या पुढच्या खोलीत, कोपऱ्यात, जमिनीपासून सात फुटांवर माझा मुक्काम आहे.

लोक मला कॅमेरा समजतात आणि माझ्यासमोरून जाताना केस सारखे करतात. पण मला चित्र दिसत नाही, फक्त ऊब कळते. उबदार काही समोरून सरकलं की मी टीव्हीशेजारच्या डब्याला सांगतो, "हालचाल", आणि तो ते मोबाईलवर पोचवतो. मला एवढा एकच शब्द येतो. बाकीचं ऐकणं-समजणं मी भिंतीवर राहून राहून शिकलो. त्या एका शब्दापायी माझ्या हातून काय घडलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका मुलीनं माझ्यापुढून हात फिरवला, मी लाल चमकलो, आणि तिनं मला खोक्यात टाकलं. माझं बारसं म्हणा, परीक्षा म्हणा, ती तेवढीच. पुढे मारोतरावांच्या गल्लीत एका आठवड्यात दोन घरं फुटली. त्यांची बायको रत्नमाला वारल्यापासून ते एकटेच राहत. मुलगी रंजीता नाशिकला नोकरीला. तिच्या जिवाला घोर लागला आणि दिवाळीच्या सुट्टीत ती मला पिशवीत घालून घेऊन आली.

मला बसवायला रिसोडहून हरीओम आला. कूलर, मोटारी, कॅमेरे, सगळ्यात हात असलेला कारागीर. मारोतराव म्हणाले, "खिडकीपाशी लाव न, हवा तरी लागन त्याले."

"त्याले हवा नाई लागत, काका. खिडकीतून ऊन आलं का हा भरमते. गॅससमोर नाई, पंख्याच्या तोंडासमोर नाई. कोपराच पायजे."

आधी त्यानं मला चिकटपट्टीनं डकवलं. पण चुन्याची भिंत ती. दुसऱ्याच दिवशी पापुद्र्यासकट मी शिलाई मशीनवर आदळलो. मग त्यानं भोकं पाडून स्क्रूनं पक्कं केलं आणि मारोतरावांना म्हणाला, "आता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चाला बरं." मारोतराव वरातीतल्या व्याह्यासारखे ऐटीत चालले. त्यांच्या प्रत्येक फेरीला मी लाल चमकलो आणि रंजीता टाळ्या वाजवत राहिली. जाताना हरीओमनं तीन गोष्टी बजावल्या. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसायचं. बॅटरी उतरल्याचा निरोप आला की लगेच बदलायची. आणि माझ्यासमोर काहीही लटकवायचं नाही; ना पडदा, ना कॅलेंडर. मारोतरावांनी तिन्हींना मान डोलावली.

रंजीतानं मोबाईलमध्ये एक खुबी करून ठेवली. घराला कुलूप असेल तर मी हालचाल सांगताच भोंगा वाजायचा. घरात बाबा असतील तेव्हा मात्र उलटं. दिवसा सलग तीन तास काहीच हललं नाही, तर तिला निरोप जायचा. चोराची राखण आणि बापाची राखण, दोन्ही एका पगारात.

माझे ते दिवस सुखाचे गेले. एकदा मारोतराव रिसोडच्या बाजाराला गेले असता मागच्या झरोक्यातून वानर आत शिरलं. मी सांगितलं, भोंगा कोकलला, सारी गल्ली धावली आणि वानर अर्धी भाकर टाकून पळालं. त्या दिवसापासून मारोतराव मला "डोया", म्हणजे डोळा, म्हणू लागले. दर पौर्णिमेला मलमलच्या चिंधीनं मला पुसायचे आणि पुसता पुसता गावाच्या बातम्या सांगायचे. चोवीस तास जागणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

तिसऱ्या वर्षाचा दसरा आला. शिंप्याच्या घरी त्या दिवशी मशीन चालत नाही, तिची पूजा असते. मारोतरावांनी मशीनला तेल दिलं, कैची, गज आणि इस्त्री पाटावर मांडली, हळदीकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तूबी घरचं हत्यारच आहेस लेका. तुले काहून उपाशी ठेवू?"

स्टुलावर चढून त्यांनी माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या खिळ्यांना झेंडूचा हार बांधला. हरीओमचं बोलणं ते विसरले नव्हते. पण लटकवणं वेगळं आणि पूजा वेगळी, असा त्यांचा हिशेब. देवाच्या तसबिरीला हार घालताना तो लटकला असं कोण म्हणतं? आणि खरं सांगतो, मित्रांनो, मीही फुगलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हार घातला होता. हार ताठ बांधलेला होता, हलत नव्हता, त्यामुळे चार दिवस काही बिघडलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सातची वेळ. दिवाळीच्या ब्लाउजांची घाई होती आणि सुकलेल्या पाकळ्या कापडावर गळत होत्या. पंखा फुल सोडलेला. मारोतराव हार काढायला स्टुलावर चढले. एक टोक सुटलं, दुसरी गाठ सुटेना. त्यांनी हिसका दिला आणि स्टूल एका पायावर कलला.

पडताना आवाज फारसा झाला नाही. मोडला तो त्यांचा खुबा. ते मशीनच्या पायट्याशी आडवे झाले आणि किती तरी वेळ त्यांच्या तोंडून नुसता श्वास येत राहिला. दाराला आतून कडी होती. सोयाबीनच्या सोंगणीला सगळे शेतात गेल्यानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी हाका मारल्या, पण त्या पंख्याच्या घरघरीतच जिरल्या.

आणि वर माझ्यासमोर तो अर्धा सुटलेला हार लोंबत होता. पंख्याच्या वाऱ्यानं झुलत होता. खिडकीतल्या उन्हानं तापलेला तो झेंडू एकदा इकडे, एकदा तिकडे. मला ऊब सरकलेली कळायची आणि मी म्हणायचो, "हालचाल." पुन्हा "हालचाल." मला गप्प बसायचं होतं. जिवाच्या आकांतानं गप्प बसायचं होतं. पण आमच्यासारख्यांना गप्प बसता येत नाही. समोर हललं की बोलावंच लागतं.

नऊ वाजता मशीनच्या फळीवरचा मोबाईल वाजला. फोन रंजीताचा होता. मारोतरावांचा हात तिथवर पोचेना. त्यांनी फळीवरून लोंबणारं ब्लाउजपीस धरून ओढलं, म्हणजे फोन खाली येईल. कैची आली, रिळं आली, फोन तिथेच राहिला. वाजून वाजून थांबला. तिकडे नाशिकला रंजीतानं मोबाईलमध्ये माझं बोलणं पाहिलं. हालचाल, आत्ताच. बाबा मशीनवर बसलेत, आवाजात ऐकू आलं नसेल, असं म्हणून ती कामाला लागली. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. ती माझ्याच भिंतीला डोकं टेकून रडत शेजारच्या चंदाबाईंना सांगत होती तेव्हा.

मग मारोतरावांची नजर माझ्याकडे वळली.

"डोया," ते म्हणाले, "सांग न रंजूले. पडला म्हना तुहा बाप."

आणि त्यांनी मला हात दाखवायला सुरुवात केली. पडल्या पडल्या, दातओठ खात, हात वर करून हलवत राहिले. त्यांना वाटत होतं, हात केला की मदत येते. आणि त्यांच्या प्रत्येक हाताला मी नाशिकला कळवत होतो की म्हातारा मजेत फिरतोय. मला ओरडावंसं वाटत होतं, काका, हात खाली घ्या, निपचित पडा, तुम्ही हललात की तिकडे रंजीता निर्धास्त होते. पण माझ्यापाशी शब्द एकच, आणि तोच त्यांच्या गळ्याला फास झाला होता. त्या दिवशी मला कुणी फोडून टाकलं असतं तर मी त्याचे उपकार मानले असते.

पावणेबाराला गावची लाइन गेली.

रोज लाइन गेली की मारोतराव वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायचे. त्या दिवशी पंखा मंदावला, थांबला, आणि हार हळूहळू झुलायचा राहिला. डब्याच्या पोटात बॅटरी आणि सिमकार्ड आहे, त्यामुळे तो जागाच होता. आता फक्त तीन तास शांतता हवी होती. पण मारोतराव मधूनच हात उचलत. अर्धी वीत हात उठला की मी बोलायचो आणि तीन तास पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटचा हात त्यांनी साडेबाराला केला. "पाणी," म्हणाले. नंतर हात खाली गेला तो उठला नाही.

मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि तिच्या भीतीनं मी गारठलो. ते झोपले, शुद्ध हरपली, की संपलं सारं? न हलणारा माणूस मला दिसत नाही, मित्रांनो. माझ्या लेखी खोली रिकामी होती. मी त्यांच्या न हलण्याची वाट पाहत होतो आणि ते पुन्हा एकदा तरी हलावेत असंही मला वाटत होतं. त्यात लाइन रोज चारच्या सुमाराला येते, कधी साडेतीनलाही येते. ती आधी आली असती तर पंखा फिरला असता, हार हलला असता आणि सगळं मातीत गेलं असतं.

साडेतीन वाजले. डब्यानं निरोप सोडला: घरात तीन तास हालचाल नाही.

रंजीतानं बाबांना दोनदा फोन लावला. मग शेजारच्या चंदाबाईंना लावला. त्या शेतात होत्या. भाड्याचं मळणीयंत्र दुपारीच आलेलं, गंजी अर्धी उरलेली. बोलणं चालू असतानाच इकडे लाइन आली. पंखा फिरला, हार झुलला आणि मी, करंट्यानं, पुन्हा तोंड उघडलं, "हालचाल."

"थांबा काकू," रंजीता तिकडून म्हणाली, "आता दिसतेय हालचाल. उठले वाटतं. तुम्ही नका येऊ काम सोडून."

माझा जीव तिथेच गेला असता. पण चंदाबाई म्हणाल्या, "मोबाईल काय म्हनते ते राहू दे, बाई. मारोतभाऊ सकाऊन दिसले नाईत मले. रोज अंगनात चूळ भरतात. मी जाऊन पायतो." त्यांनी चालतं मळणीयंत्र आणि मजूर नवऱ्याच्या, देवमनच्या, भरवशावर सोडले आणि डोक्याचा रुमालही न काढता बांधावरून धावत सुटल्या. दाराला हाका मारल्या, खिडकीतून वाकून पाहिलं आणि मग अशी किंकाळी मारली की शेतातून देवमन सब्बल घेऊनच आला. दार उचकटून दोघं आत शिरले, तेव्हा मारोतरावांच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. चंदाबाईंनी पदर भिजवून त्यांच्या तोंडात पाणी पिळलं. त्यांच्या घशाची घाटी हलली. ते इतकं बारीक हलणं मला कळलं नाही, चंदाबाईंना कळलं.

मग जीप आली, वाशीमचा दवाखाना, तिथून अकोला. घराला कुलूप लागलं. पाच महिने मी एकटा होतो. पंखा बंद, त्यामुळे समोरचा तो हारही झुलायचा नाही; कोळ्यानं माझ्या काचेवर जाळं विणलं, बॅटरी उतरत गेली. माणूस जगला की गेला, हे मला कुणी सांगितलं नाही. भिंतीवरच्या सेन्सरला कोण सांगणार? मी मात्र रोज तेच विचारत राहिलो.

फाल्गुनात कुलूप उघडलं. आधी रंजीता आली. तिनं तो हार काढला, जाळं पुसलं, बॅटरी बदलली. मग दाराशी वळून म्हणाली, "या बाबा. चालून दाखवा."

चार पायांचा वॉकर आधी आत आला, मग मारोतराव. ते इतके हळू चालत होते की पहिल्या पावलाला मी चमकलोच नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या पावलाला मात्र ती ऊब माझ्या काचेवरून सरकली आणि मी लाल चमकलो.

"दिसलो काय रे तुले?" त्यांनी विचारलं. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

आता मशीनचा पायटा त्यांच्यानं चालत नाही. ते बसल्या बसल्या काजं-बटणं करतात. चंदाबाई सकाळी चहा घेऊन येतात. रंजीता मोबाईल पाहतेच, पण आधी फोन लावते आणि त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. परवाच्या दसऱ्याला मारोतराव वॉकर टेकत माझ्या कोपऱ्यात आले. कुंकवाचं बोट त्यांनी वर केलं, हात पुरेना, मग ते माझ्या खाली भिंतीवरच टेकवलं. "तुहा मान इथंच ठेवतो बाप्पा. समोर काई नाई बांधत आता."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी आमच्यापैकी असेल तर त्याला महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा, बॅटरी वेळेवर बदला, समोर हार-तोरणं बांधू नका. एवढं केलंत तर आम्ही इमानानं काम करू. पण काहीतरी हललं, एवढंच आम्ही सांगू शकतो. ते माणूस होतं की झेंडूचा हार, आणि माणूस असलं तर ते उभं होतं की जमिनीवर पडून हात करत होतं, हे विचारायला तुम्हालाच दार वाजवावं लागेल. ते माझ्यावर सोपवू नका. माझ्याखालचं ते कुंकू मला दिसत नाही, पण त्याची आठवण ठेवून सांगतो: माझ्यावर विश्वास ठेवा, पण एकट्या माझ्यावर नको.