ट्रोम्सोचं ऊन

मरोळ गावठाणातल्या मार्सेलिनाचा मुलगा कीथ नॉर्वेच्या पार उत्तरेला, ट्रोम्सोला, इमारतींवर सोलर पॅनेल बसवायच्या कामाला होता. त्याच्या राहत्या इमारतीवरही ती होती. किती वीज बनते ते दाखवणारं अ‍ॅप त्याने मागच्या सुट्टीत आईच्या मोबाइलवर टाकून दिलं होतं. "आठवण आली की बघ. रेघ वर गेली, म्हणजे माझ्याकडे ऊन पडलं."

नोव्हेंबर संपता संपता रेघ आडवी झाली. तिकडे सूर्य उगवेनासाच झाला. नाताळ आला. नाताळचे गोड कुलकुल तळताना मार्सेलिना मधेच हात पुसून मोबाइल बघायची.

"त्यात काय बघतेस सारखं?" नवरा, इसिडोर, म्हणाला. "फोन कर ना त्याला."

"फोनवर तो बरा आहे म्हणतो. नेहमीच म्हणतो."

जानेवारीच्या शेवटी, संध्याकाळचा चहा गाळताना तिला रेघ जराशी उचललेली दिसली. तिने लगेच फोन लावला.

"कीथ, ऊन आलं रे तुझ्याकडे!"

"कुठलं? छपरावर अजून बर्फ आहे, मम्मी."

"अरे, बाहेर जाऊन बघ तरी!"

दार उघडल्याचा आवाज आला. मग बर्फावर बुटांची करकर.

"भिंतीवरच्या पॅनेलवर पडलंय," तो म्हणाला. "डोंगराआडून एवढंसं. मला कळलंच नसतं गं."

पुढे रेघ चढत गेली. थंडीत पॅनेल उलट चांगली चालतात, बर्फावरचा उजेडही भिंतीवर येतो, असं कीथ सांगायचा. आता हसायचाही. तिने धीर करून विचारलं, "ईस्टरला येशील?"

"बर्फ उतरला की छपरांची कामं सुरू, मम्मी. उजेड आहे तोवर सुट्टी नाही मिळत."

"मग कधी?"

"अंधार पडला की."

ज्या उन्हासाठी तिने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, तेच त्याला अडवून बसलं होतं. जून-जुलैत तर तिकडे सूर्य मावळेचना. मोबाइलवरची ती उंच रेघ बघून तिला राग यायचा.

डिसेंबरात कीथ आला. वाळलेला, पांढरा पडलेला. आधी नुसता झोपला. मग एका सकाळी बनियन काढून दारातल्या पायरीवर उन्हात जाऊन बसला. परतीचं तिकीट नव्या वर्षातलं होतं.

इसिडोर पिशवी घेऊन त्याला मासळीबाजारात न्यायला निघाला, तर मार्सेलिनाने नवऱ्याचा हात धरला.

"बसू दे त्याला," ती हळूच म्हणाली, आणि तिथेच उभी राहून लेकाच्या उघड्या पाठीकडे बघत राहिली.