अर्पिताची दाढ

जेवताना अर्पिताच्या उजव्या कानापुढे दुखायचे. भाकर दुधात कुस्करून दिली तरी जबडा ठणकायचा. तिच्या आईने, बेबीनंदाने, दाढेत लवंग धरायला लावली, जेवत नाही म्हणून जंताचे औषधही पाजले. शेवटी ती लेकीला घेऊन मंठ्याला दातांच्या डॉक्टरबाईंकडे आली.

"मॅडम, दाढ उपटूनच टाका. पोरगी जेवून न्हाई राह्यली."

अर्पिताने आईचा पदर घट्ट धरला.

डॉक्टरबाईंनी दाढ ठोकून पाहिली, एक्स-रे काढला. "दाढ चांगली आहे. अर्पिता, दोन्ही हात गालांवर ठेव. आता दात आवळ. हाताला काय लागलं?"

"गोटी आल्यावानी झालं."

"तो स्नायू. दिवसभर आवळलेला राहिला तर दुखणारच. ओठ मिटले तरी आत दात सुटे पाहिजेत. हिला दात आवळायची सवय दिसते."

"न्हाई मॅडम. मी शेजारीच झोपते. दात खाल्ले असते तर कळलं असतं मला."

"दिवसा बघा. मग दाढेचं बोलू."

बेबीनंदाला पटले नाही. "जालन्याला नेते तुला. तिथं काढतेत," ती बसमध्ये म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी वाकळ शिवायला बसल्या. जुन्या लुगड्यांच्या जाड थरांतून सुई काढायला जोर लागतो. अर्पिताने सुई ओढली तशी तिच्या कानापुढे गोटी वर आली. दोरा निघाला, तरी गोटी तशीच.

"अर्पे, दात सोड!"

"सोडलेत की."

"गालाला हात लाव बरं."

अर्पिताने हात लावला. गोटी बोटांना लागली. आईने पुढचा टाका घातला, तेव्हा तिने तोच हात आईच्या गालाला लावला. "मम्मे, तुहं बी!"

"मी काय दात आवळते व्हय?" बेबीनंदा म्हणाली खरी, पण तेवढे बोलायलाही तिला आधी दात सोडवावे लागले.

मग एकीचे दात आवळलेले दिसले की दुसरी हाक मारू लागली. दुखणे लगेच गेले नाही. गरम फडक्याने शेकावे लागले, भाकर कुस्करूनच खावी लागली. वाकळ संपत आली तेव्हा अर्पिताने भाकरीचा कडक पापुद्रा स्वतःहून मागितला.

खाता खाता तिने भीतभीत विचारले, "जालन्याला कधी जायचं?"

"कशाला?"

"दाढ काढायला."

"चांगली दाढ कोणी काढतं व्हय? खा गुमान."