चिखलाची हजेरी

भागुबाईची बालवाडीवर नेमणूक झाली ती तिच्या नावामुळे. समितीपुढे तीन अर्ज होते. पहिली बाई फार बोलायची, दुसरीचा भाऊ फार बोलायचा. तिसरीचं नाव ऐकताच अध्यक्ष कोंडाजी आबा मिशीत हसले. "भागुबाई? मग हीच घ्या. नावातच भित्री हाय. ताप न्हाई व्हायचा."

आईबापांनी बिचाऱ्यांनी पणजीचं नाव ठेवलं होतं. त्याच्यापुढे 'भित्री' लावायचं काम महाराष्ट्रानं परस्पर करून टाकलं. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेला. भागुबाई सातवी पास होती. तळेगावला महिनाभराचं शिक्षण घेऊन ती एकतीस बालगीतं आणि मातीचा आंबा शिकून आली, आणि मळवली स्टेशनापासून कोसभर आतल्या त्या गावात, चावडीच्या ओसरीवर, बासष्ट साली बालवाडी सुरू झाली.

गावातली पंधरा पोरं आपोआप आली. डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी होती, तिथली सात काही येईनात. भागुबाई चढून गेली, तेव्हा शिदूच्या सावित्राबाईनं दारातच अडवलं. "ही आमची ठाकरवाडी. खाली ती माळवाडी. आन् ही बालवाडी कुटं वसवली म्हनायची? पोरं तितं कायमची ऱ्हायाला न्यायची का?"

सरकारनं नाव ठेवताना हा विचार केला नव्हता. भागुबाईला तीन खेपा घालाव्या लागल्या. "वाडी न्हाई गं, नुसती ओसरी हाय. दुपारी पोर परत." चौथ्या दिवशी सातही आईबाप पोरं घेऊन स्वतः आले आणि ओसरीच्या मागं खरंच घरं बांधलीत का, ते पाहून गेले.

तीन वर्षं बरी गेली. मोठी पोरं पहिलीत गेली, त्यांच्या जागी धाकटी आली, आकडे तेच राहिले. पासष्टच्या आषाढात घोळ झाला.

आषाढ म्हणजे आवणी, भाताची रोपं लावायचं काम. अख्खी ठाकरवाडी खाली कोंडाजी आबांच्या खाचरात उतरते. घरी कोणी उरत नाही, म्हणून पोरंही आईबरोबर बांधावर. पंधरा दिवस सातही जण बालवाडीत नव्हते, आणि पंधरा दिवस न आलेल्याचं नाव कमी करायचं, असा नियम होता. बुधवारी आबांनी भागुबाईला चावडीत बोलावलं.

"शुक्रवारी तालुक्याच्या बाई येत्यात तपासणीला. ती सात नावं कमी कर आन् खाली सही ठोक."

"आबा, पोरं कुटं हायत ते तुमाला ठाव हाय."

"मी काय पोरं मोजत हिंडतो?"

"तुमच्याच बांधावर हायत."

"तितं हायत म्हंजी हितं न्हाईत. हितं न्हाईत म्हंजी गैरहजर."

कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांनाही इतकं सुबक जमत नाही. पण आबांचं दुखणं वेगळं होतं. बालवाडीच्या रजिस्टरातली नावं वर्षअखेर शाळेच्या पहिलीत जात. आदल्या वर्षी वाडीवरची दोन गेली, आणि आबांची दोन गुराखी पोरं कमी झाली. पोर एकदा पाटीमागं लागलं की गुरांमागं लागत नाही.

"आन् सही न्हाई केली तर?" भागुबाईनं विचारलं.

"तर बालवाडीला बाया लय हायत." आबांनी चावडीची किल्ली करदोट्याला अडकवली. "शुक्रवारी मीच उघडीन. तवर इचार कर."

भागुबाई घरी आली आणि चहा करायला गेली, तर आबा आले असं वाटून दोनदा दार बघायला उठली, तोवर निम्मा चहा चुलीनं प्यायला. तेव्हा नाव अगदीच खोटं होतं असं नाही. शिवाय तिला एक गोष्ट टोचत होती. ते पंधरा दिवस ओसरीवर बसून सात रिकाम्या जागांना मुकाट गैरहजेरी लावणारी तीच होती. एकदाही ती बांधापर्यंत गेली नव्हती.

तिनं नियमाचं पुस्तक काढलं. सतराव्या पानावर लिहिलं होतं, 'बालवाडी शक्यतो मुलांच्या सान्निध्यात, मोकळ्या हवेत भरवावी.' लिहिणाऱ्यानं मावळातला आषाढ पाहिलेला नसावा. तो शहरात पंख्याखाली बसला असणार. पण लिहिलं होतं, हे नक्की.

शुक्रवारी सकाळी तिनं ओसरीवरची 'बालवाडी' अशी पत्र्याची पाटी खिळ्यासकट उपटली, डोक्यावर छत्रीसारखी धरली, रजिस्टर मेणकापडात गुंडाळून काखेत मारलं आणि गावातली पोरं गोळा केली. सरूबाईनं आपला नातू मागं ओढला.

"त्या पोरांसंगं चिखलात बसवतीस व्हय आमचं?"

"मावशी, चिखल आपल्याच गावचा हाय. परका न्हाई."

पंधरातली नऊ आली.

अकरा वाजता तालुक्याच्या मुख्यसेविका नंदाबाई आल्या. चावडीत आबा नारळ, हार आणि दोन खुर्च्या घेऊन बसले होते. नव्हती एवढी बालवाडीच. तेवढ्यात खाचराकडून 'पाऊस आला मोठा' असं कोरसमध्ये ऐकू आलं. माहिती जुनी होती, पण सूर चांगला होता.

बांधावरून जाताना नंदाबाईंची एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. त्या एका चपलेनिशी पोचल्या तेव्हा बांधावर पाटी रोवलेली होती आणि पानांच्या चार इरल्यांखाली सोळा पोरं बसली होती. शिदूची हिरा तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या, काड्या दहापर्यंत मोजत होती. खाली खाचरात त्यांच्या आया वाकलेल्या.

नंदाबाईंनी रजिस्टर उघडलं. शेवटच्या सात नावांपुढं पंधरा दिवसांच्या गैरहजेऱ्या खोडून शेऱ्यात लिहिलं होतं, 'आईबरोबर अध्यक्षांच्या शेतावर. आई साक्ष.' आणि प्रत्येक शेऱ्यापुढं चिखलाचा एक अंगठा.

"हे काय? अंगठ्याला शाई वापरायची असते."

"शाई चावडीत. चावडीची किल्ली आबांकडं," भागुबाई म्हणाली. "चिखल हाताशी होता. तोही आबांचाच."

आबा पुढं झाले. "बाईसाहेब, ही नावं कमी करायची हायत. पोरं गैरहजर व्हती."

"खरं का हो, भागुबाई?"

"मला नका विचारू. आया समोर आहेत, त्या मुक्या नाहीत."

मग सावित्राबाई रोपांची जुडी हातात घेऊन ताठ उभी राहिली.

"हितंच व्हती पोरं. आबांनीच सांगितलं, पोरं संगं आना, रडली तर बांधावरच निजवा, पर घरला जायाचं न्हाई. आता नाव कमी करायचं तर करा. पर कारण लिवा, आबांची आवणी."

कोणीतरी फिसकन हसलं. आबा लालबुंद झाले. "ए ठाकरणी, हात चालव! तोंड काय चालवतीस?"

"नाव ऱ्हातंय का न्हाई ते कळू द्या. तवर आमी उभ्याच हाव."

आणि एकेक करून बाकीच्या सहाही आया उभ्या राहिल्या. उपटलेली रोपं पाण्यावर तरंगत होती. उपटलेलं रोप दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, हे नंदाबाईंना ठाऊक नव्हतं, पण आबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी रोपांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं.

"मी कुटं न्हाई म्हनलं? ऱ्हाऊ द्या की नावं."

नंदाबाईंनी सही केली आणि अनवाणी उजव्या पायाकडं बघत म्हणाल्या, "बरं. याची एक स्वच्छ प्रत करून द्या. असलं मातकट रजिस्टर वर पाठवता येणार नाही."

आबा हसले. स्वच्छ प्रत चावडीत बसून होते, आणि ती करताना कोणाच्या हाताशी चिखल नसतो.

भागुबाईनं रजिस्टरावर तळहात ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली. मग तालुक्याला समजेल अशा भाषेत पुन्हा म्हणाली, "नाही. स्वच्छ प्रतीत हे अंगठे येणार नाहीत. पाठवायचं तर हेच पाठवा."

"नोकरीचा विचार करा, बाई."

"बुधवारपासून तोच करतेय."

नंदाबाईंनी ते रजिस्टर मेणकापडात गुंडाळलं, काखेत घेतलं आणि आपली दुसरी चप्पल शोधायला निघाल्या. आबा मागून गेले. हार त्यांच्याच हातात राहिला होता.

रजिस्टर गेलं तरी हजेरी राहिली होती. भागुबाईनं ती तोंडपाठ सुरू केली, शेवटच्या सातांपासून.

"हिरा शिदू?"

"हाय की, बाई!"

"हाय की न्हाई. हजर म्हनायचं. मोठ्यानं. आबांना ऐकू गेलं पाहिजे."