मावशीची चार ओळींची वही

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मी रागावलेलो आहे. राग धरू नये म्हणतात. पण आधी माझी हकिगत ऐका, मग उपदेश करा.

तरुणपणी मी एका कचेरीत राबलो. तिथल्यांनी मोडीत काढल्यावर मी शिवणकाम करणाऱ्या एका मावशीकडे आलो. माझी बिजागरी सैल होती, म्हणून तिने मागे दोऱ्याच्या रिळांचा डबा टेकू दिला. तिची लेक जहाजावर नोकरीला. जहाज बंदराला लागलं की रविवारी सकाळी ती माझ्या पडद्यावर दिसायची. मावशीने वहीत लिहून ठेवलं होतं: 'बटण दाबणे. थांबणे. निळ्या चित्रावर दोनदा टिचकी. लेक.' बटण दाबताना ती म्हणायची, "सुरू हो बाळा." आमचं छान चाललं होतं.

पुढे मी फार रेंगाळू लागलो. मावशीने भाच्याला बोलावलं. तो संगणकातला जाणकार. म्हणाला, "यात लिनक्स घालू. फुकट आहे, हलकं आहे, म्हातारा पळायला लागेल." मी मनात म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो! मावशीने वही पुढे केली, एवढंच जमलं पाहिजे म्हणाली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. तिचे पुष्कळ प्रकार असतात. काही इतके सोपे की नवखा माणूसही बिनघोर वापरतो. काहींत मात्र सगळं आपल्या हाताने जुळवावं लागतं, आणि दर आठवड्याला काहीतरी बदलतं. भाच्याने माझ्यात या दुसऱ्या प्रकारचं लिनक्स घातलं. दोन रविवार मी खरंच पळालो. तिसऱ्या रविवारी, आदल्या दिवशीच्या अपडेटनंतर, माझा पडदा काळाठिक्कर पडला. वर नुसती एक रेघ लुकलुकत होती.

लेकीला बढती मिळाली होती. मावशीने शिवून पाठवलेला नवा गणवेश ती आज घालून दाखवणार होती. दुपारी जहाज सुटणार, मग दीड महिना नुसतं पाणी. मावशीचा फोन साधा, बटणांचा. तिने चष्मा पुसला, वहीतल्या ओळी पुन्हा पुन्हा केल्या. शेवटी एकेक इंग्रजी अक्षर शोधत तिने त्या रेघेपुढे लिहिलं, 'सुरू हो बाळा'. मी उत्तर दिलं, असा हुकूम सापडला नाही. तिने तीनदा लिहिलं. तीनदा मला तेच म्हणावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी भाचा स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. त्यावर साधं, सोपं लिनक्स, आणि त्यात मावशीच्या ओळखीचं निळं चित्र! मावशीने शांतपणे विचारलं, "हे होतं तुझ्याकडे, तर मला का नाही दिलंस?"

तो ओशाळला. "मला रोज काम करायचं असतं ना, मावशी. ते दुसरं जरा करून बघायचं होतं."

म्हणजे करून बघायला आम्ही दोघं!

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाला तरी संगणक लावून द्याल. तेव्हा आधी त्या माणसाची वही वाचा, आणि आपली हौस आपल्याच यंत्रावर भागवा. त्याच संध्याकाळी भाच्याने माझ्यात सोपं लिनक्स घातलं. आता मी एकदाही अडत नाही. रविवारी मावशी बटण दाबते, थांबते. बाळा मात्र म्हणत नाही.