रताळ्यांवरचं कस्टर्ड

नोव्हेंबरात टर्की मागणारी एनिड थ्वेट ही ऑटली या इंग्रजी गावातली पहिलीच बाई असावी.

"नाताळला अजून महिना आहे की," खाटीक म्हणाला.

"माझ्या सुनेचा सण आहे," एनिड म्हणाली, आणि मागच्या रांगेने कान टवकारले. कसला सण, ते कोणी विचारले नाही. ऑटलीत कोणी कोणाला काही विचारत नाही.

विचारायचे तर एनिडलाही होते. सून मेरिबेथ अमेरिकन, टेनेसीची. तिथल्या जुन्या प्रयोगशाळेने तिला परत बोलावले होते आणि उत्तर उद्या द्यायचे होते. हे सांगितले डंकनने, एनिडच्या मुलाने, आणि वर बजावलेही, "तू तिला काही विचारू नकोस हं आई. उगाच दडपण येईल." एनिडने विचारले नव्हते. ही दोघे गेली तर रविवारचे भाजलेले बटाटे तिला एकटीलाच खावे लागणार होते, तरीही नाही. आजचे जेवण असे करायचे की पोरीचा पाय इथून निघू नये, एवढेच तिने मनाशी ठरवले होते.

सकाळपासून दोघी स्वयंपाकघरात होत्या.

"आता एक कप साखर," मेरिबेथ म्हणाली.

"कुठला कप? चहाचा, की डंकनचा?"

"मॅम, कप म्हणजे कप."

"मॅम काय गं सारखं? मी काय राणी आहे?" म्हणत एनिड तराजू काढायला वळली, तोवर साखर ओतून झालीही होती. एनिडने तराजू परत ठेवून दिला. मागच्या महिन्यात सुनेने 'बिस्किटं' केली होती, ती स्कोनसारखी, म्हणजे छोट्या पावासारखी मऊ निघाली आणि वरून त्यांच्यावर ग्रेव्ही आली. एनिडला वाटले होते, चहात बुडवायची बिस्किटे असतील. बुडवायला काही नसलेला चहा तिने मुकाट्याने पिऊन टाकला होता.

संध्याकाळी मेरिबेथ कपडे बदलायला वर गेली. एनिडने ओव्हन उघडून पाहिले. टर्कीच्या खाली रताळ्यांचे भांडे होते, आणि त्यावर मार्शमेलोच्या गोड, मऊ वड्या फुगून सोनेरी झाल्या होत्या. गाजराचा केक होतो, तर रताळ्याचेही काही गोड होत असेल. पण इतक्या आधीपासून तापवत ठेवले तर करपणार नाही का? पोरीच्या लक्षात आले नसावे. तिने भांडे गुपचूप थंड कोठीत नेऊन ठेवले आणि कस्टर्ड ढवळायला घेतले.

मेरिबेथच्या घरच्या रीतीप्रमाणे, आभार मानायच्या या सणाला जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचे होते. डंकनने कान लाल करून दोघींची नावे घेतली. मग एनिडची पाळी आली. तिने सुनेकडे पाहिले, मग खिडकीकडे.

"पाऊस उघडला, बरं झालं," ती म्हणाली.

मेरिबेथची नजर टेबलावर फिरत होती. टर्की, कोबीचे इवले गड्डे, ब्रेड सॉस, पुन्हा टर्की. "टर्की छान दिसतेय," एवढेच म्हणून तिने मान खाली घातली. मग ती जेवली ती पाखरासारखी. गेली ही, एनिडला वाटले.

तरी गोड राहिलेच होते. एनिडने भांडे आणून टेबलाच्या मधोमध ठेवले. वर पिवळेधमक कस्टर्ड काठोकाठ पसरले होते.

मेरिबेथने चमच्याने कस्टर्डचा कोपरा उचलून खाली पाहिले. "हे कुठे होतं?"

"कोठीत. पुडिंग करपलं असतं गं."

"मॅम, ती भाजी आहे."

"भाजी?"

"टर्कीबरोबर खायची. माझी आई दरवर्षी करते. मला वाटलं, तुम्हाला आवडली नाही म्हणून फेकून दिलीत."

"मग विचारायचं नाहीस का?"

"इथे विचारत नाहीत ना. डंकनने सांगितलंय."

दोघींनी डंकनकडे पाहिले. लहानपणापासून नाकारलेला कोबीचा इवला गड्डा तो मन लावून खाऊ लागला.

"यानेच मलाही अडवलं होतं," एनिड म्हणाली. "पण आता विचारते. जाणार आहेस का तू?"

"कोणी राहा म्हणतंय कुठे? आई रोज फोनवर रडते, ये म्हणते. तुम्ही मला लोकरीचे मोजे विणून दिलेत."

"चांगले जाड आहेत ते."

"टेनेसीत एवढे जाड मोजे लागत नाहीत."

"म्हणूनच विणले."

मेरिबेथने हातातला चमचा खाली ठेवला. एनिडचे कानही आता मुलाच्या कानांसारखे लाल झाले होते.

"राहा," ती म्हणाली.

मग लगेच तिने चमचा उचलला, कस्टर्ड बाजूला सारले, रताळी टर्कीच्या तुकड्याशेजारी वाढून घेतली आणि ग्रेव्ही लागली तशीच तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिली.

"खरं सांगा," मेरिबेथ म्हणाली.

"भयंकर आहे. अजून थोडी वाढ."

मेरिबेथने वाढली. मग कस्टर्ड लागलेला एक घास स्वतः खाऊन पाहिला आणि डोळे पुसत म्हणाली, "हेही भयंकर आहे, मॅम. उद्या प्रयोगशाळेला नाही म्हणून कळवते. पण आईला या कस्टर्डबद्दल कोणी सांगायचं नाही."